खाडीतली बोय: उडी का मारते, अंडी कुठे घालते आणि तळ्यात वाढेल का

प्रश्न दाभोळ खाडीच्या काठावरून आला आहे. थोडक्यात असा: घरामागच्या खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, दहा गुंठ्यांचं जुनं तळं आहे. उधाणाच्या भरतीबरोबर बोयीची पिल्लं आपोआप आत येतात, पण मोठी झालेली बोय काही हाती लागत नाही. खाडीत तिचे थवेच्या थवे दिसतात, रात्री उड्यांचा आवाज येतो, गळाला मात्र ती लागत नाही. बाजारात गाबोळीची, म्हणजे पोटात अंडी भरलेली, बोय मिळते, तरी खाडीत तिची अंडी आजवर कुणी पाहिली नाहीत. ही मासळी जगते कशी? आणि तळ्यात नीट वाढवता येईल का?

तळ्याचं शेवटी सांगतो. बोय काय खाते हे एकदा डोळ्यांनी पाहिलंत की निम्म्या प्रश्नांची उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील, म्हणून आधी तिचं पोट उघडू. मासेवाल्या मावशींकडून साफ करून आणलेली नको. पागाला (हातानं फेकायच्या गोल जाळ्याला) लागलेली, अजून निसरडी, वीत-दीड वीत लांब अशी एक बोय घ्या आणि पोटाच्या पातळ कातडीतून सुरी हलकेच न्या.

पहिल्यांदा काळं दिसेल. पोटाच्या पोकळीला आतून काळं अस्तर असतं, तव्याच्या काजळीसारखं. मासा खराब झालाय असं समजून टाकू नका, ते तसंच असतं. आत आतड्याचं वेटोळं. ते बोटानं सोडवत सोडवत बाहेर घ्या, ओढलंत तर तुटेल, आणि माशाशेजारी मोजा. माशाच्या लांबीच्या तीन-चारपट तरी भरतं, कधी त्याहून बरंच जास्त. नंतर कधीतरी सुरमई साफ करताना तिचंही मोजून बघा. गवत खाणाऱ्या गाईचं आतडं लांब आणि मांस खाणाऱ्या वाघाचं आखूड, हा शाळेतला धडा विळीपाशी उलगडलेला दिसेल.

वेटोळ्याच्या वरच्या टोकाशी सुपारीएवढा कडक गोळा लागेल. कलेजी-पेटा घेताना जो चिवट पेटा मिळतो ना, तसाच. हा जठराचा शेवटचा भाग, भिंत जाड, सगळी स्नायूंची. मधोमध कापा. सुरीला किरकिर लागेल. आत काळपट, लोण्यासारखा मऊ गाळ आणि त्यात बारीक वाळू. कोंबडी खडे गिळते ते दाणा दळायला, बोय वाळू गिळते ती शेवाळ दळायला. तिच्या तोंडात दात म्हणावेत असं काही नाही. जातं पोटात आहे.

आता दळते काय ते बघायला सुकतीच्या वेळी खाडीवर जा, दुपारच्या उन्हात. उघड्या पडलेल्या चिखलावर सोनेरी-तपकिरी साय धरलेली दिसते. बोटानं खरवडली तर बुळबुळीत लागते. ही साय म्हणजे डायटम, एकपेशीय सूक्ष्म शेवाळ. दिवसाची ओहोटी लागली की ते चिखलातून वर येतं, ऊन खातं आणि पाणी परत यायच्या सुमाराला पुन्हा खाली सरकतं. भरतीचं पहिलं पाणी घोट्याएवढं झालं की त्या पाण्याबरोबर बोय येते. डोकं खाली, शेपूट जराशी वर, ओठांनी चिखलाचा वरचा पापुद्रा शोषत. तोंडात घेतलेला गाळ कल्ल्यांशी असलेल्या केसासारख्या बारीक कंगव्यांतून गाळला जातो. कामाचं तेवढं पोटात, बाकीचा धूर पाण्यात. पाणी नितळ असेल तर हे धुराचे लहान लहान ढग मोजता येतात, आणि पाणी उतरल्यावर चिखलावर ओठांचे ठसेही.

म्हणून ‘बोय चिखल खाते’ हे बोलणं अर्धंच खरं. ती खाते चिखलावरची साय, कुजलेल्या पालापाचोळ्याचा चुरा आणि त्या चुऱ्यावर वाढलेले सूक्ष्मजीव. तिवर-कांदळाचं पान गळून, कुजून, भुगा होऊन पाण्यात मिसळलं की त्याचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक हीच. सुरमई तुमच्या ताटात येईपर्यंत मध्ये तीन-चार जिवांनी एकमेकांना खाल्लेलं असतं. बोयीच्या बाबतीत सूर्यप्रकाश, शेवाळ, बोय, ताट, इतकीच साखळी. खाडीत तिचे थवेच्या थवे का पोसले जातात त्याचं कारण यात आहे. आणि गळाला कोळंबीचा तुकडा लावून तुम्ही तासभर बसलात तरी ती का येत नाही तेही. तिच्या लेखी तो तुकडा खाणं नव्हेच. कणकेची अगदी लहान गोळी, बारीक गळ आणि जिथे रोज अन्न टाकलं जातं असा धक्का, असं जमलं तर क्वचित एखादी लागते. मी त्या नादाला लागलो नाही. बोयीला पाग, हेच खरं.

नावाचा घोळ इथेच सोडवून टाकतो, कारण तळ्याच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. उत्तर कोकणात बोय किंवा बोईट, खाली मालवणपासून गोव्यापर्यंत शेवटा, शेवटो. पण ही एका जातीची नावं नाहीत, कुळाची आहेत. या कुळात जगभर सत्तरच्या वर जाती आहेत आणि आपल्या खाड्यांत त्यातल्या पाच-सात तरी नांदतात. सगळ्या चंदेरी, चपट्या डोक्याच्या, पाठीवर एकमेकींपासून लांब असलेले दोन पर, आणि पुढच्या परात चारच काटे. अंगावर इतर माशांसारखी कडेची रेघ दिसत नाही. यातली मोठी होणारी, बाजारात मान असलेली ती म्युजिल सेफॅलस. जिवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५८ साली हे नाव दिलं, सेफॅलस म्हणजे डोकं, आणि वरून बघितलंत तर नाव पटतं. कपाळ रुंद आणि पाटासारखं सपाट. खवल्यांच्या ओळींवरून अंगावर सहा-सात पुसट काळ्या रेघा जातात. खरी खूण डोळ्यात आहे. डोळ्यावर जाड, पारदर्शक, सायीसारखी चरबीची पापणी असते आणि मधोमध उभी फट. नखानं हलकेच चाचपली तर जाणवते. इतर बऱ्याच बोयींत ही पापणी अगदी पातळ किंवा नावापुरती.

हीच जात ऑस्ट्रेलिया, जपान, इजिप्त, फ्लोरिडा, हवाई इथे सगळीकडे आहे, विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण ४२ अंशांपर्यंत. निदान पुस्तकात तरी ती एकच. जनुकं तपासणाऱ्यांनी अलीकडे दाखवलंय की एका नावाखाली डझनभर तरी वेगळ्या शाखा लपलेल्या असाव्यात. रूप इतकं सारखं की डोळ्याला फरक कळत नाही. मीटरभर लांब आणि १२ किलोपर्यंत वजनाच्या नोंदी जगात आहेत. आपल्याकडे दोन किलोची मिळाली तरी पागी ती चार घरांना दाखवून मग विकतो.

आता अंड्यांकडे. खाडीत ती कुणी पाहिली नाहीत, कारण ती खाडीत नसतातच. बोयीची घरं दोन. वाढायला खाडी, विणीला समुद्र. दोन-तीन वर्षांत ती वयात येते. मग पोटात गाबोळी भरायला लागते, दोन लांबट पिवळ्या पिशव्या, आणि भर हंगामात एकट्या गाबोळीचं वजन माशाच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत जातं. एरवी चरत इकडेतिकडे फिरणारे लहान थवे खाडीच्या मुखाशी एकत्र येतात, खाणं जवळजवळ थांबवतात, आणि एका उतरत्या पाण्याबरोबर मोठा थवा करून बाहेर पडतात. बाहेर म्हणजे किती? मेक्सिकोच्या आखातात त्यांची वीण किनाऱ्यापासून ६५ ते ८० किलोमीटर आत, हजार मीटरहून खोल पाण्यावर पाहिली गेली आहे. ओडिशात चिलिका सरोवरातली बोय ऑक्टोबर ते जानेवारीच्या दरम्यान समुद्राकडे निघते. चिलिकाचं समुद्राकडचं तोंड गाळानं चोंदत गेलं तेव्हा सरोवरातली मासळी बसली, आणि सप्टेंबर २००० मध्ये नवं मुख कापल्यावर पुन्हा उभी राहिली. बोय तर येण्याजाण्याच्या वाटेवरच जगणारी. तुमच्या-आमच्या खाड्यांची मुखं वाळूच्या दांड्यांनी बुजतात तेव्हा फक्त होड्या अडकतात असं समजू नका.

एक मादी पाच लाखांपासून वीस लाखांपर्यंत, कधी त्याहून जास्त अंडी सोडते. प्रत्येक अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, आत तेलाचा एक थेंब. तो थेंब आणि समुद्राचं पूर्ण खारं पाणी, या दोघांच्या जोरावर अंडं तरंगतं. खाडीचं निम्मं गोडं पाणी त्याला पेलवत नाही, तळाशी बसलं तर गाळात गुदमरलं. अंडी समुद्रात घालण्यामागचं साधं कारण हे. गाबोळीची बोय तुम्हाला खाडीत मिळते कारण ती निघण्याच्या तयारीत असते, घालण्याच्या नव्हे. पाण्याच्या उबेप्रमाणे दीड ते दोन दिवसांत पिल्लू फुटतं. सुरुवातीला पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी खातं, आणि दोन-तीन सेंटिमीटरचं होईतो लाटांबरोबर किनारा गाठून खाडीत शिरतं. मग हळूहळू तोंड चिखलाकडे वळतं. तुमच्या तळ्यात भरतीबरोबर येतात ती ही पिल्लं. समुद्र आणि गोडं पाणी यांमध्ये बोयीइतक्या सहज ये-जा करणारे मासे थोडे. ओढ्याच्या गोड्या पाण्यातही ती राहते आणि मिठागराच्या समुद्राहून खाऱ्या पाण्यातही. मिठानं बोय मेली असं मी पस्तीस वर्षांत पाहिलेलं नाही. मरते ती हवेवाचून. त्याबद्दल पुढे.

थवा ती का करते? खाणं चिखलात, हत्यार काही नाही. शत्रूला भारी पडेल असा काटा नाही, दात नाहीत, विष नाही. जिताडा, पाणकावळा, समुद्री गरुड, पाणमांजर, गादा (गादारेडा, म्हणजे डॉल्फिन), सगळ्यांना ती आवडते. शंभर जणींत मी असले तर माझा नंबर लागायची शक्यता शंभरात एक, हा साधा हिशोब. शिवाय शंभर जोड डोळे. पाग फेकताना हाताची सावली पाण्यावर पडली की थवा दुभंगतो आणि दहा हातांवर पुन्हा सांधतो. जुने पागी म्हणून सूर्य तोंडावर घेऊन उभे राहतात. खाडीच्या मुखाशी गादारेडे थवा दाबून धरतात आणि बोय हवेत उधळते, हे तुम्ही दाभोळकडे पाहिलं असेल. ब्राझीलच्या लागुना गावात तर डॉल्फिन आणि पाग टाकणारे कोळी शंभराहून अधिक वर्षं जोडीनं शिकार करतात. तिथली बोय आपल्या बोयीची सख्खी भावकी. डॉल्फिन थवा काठाकडे रेटतात, विशिष्ट प्रकारे अंग वळवून इशारा देतात, त्या क्षणी पाग पडतो, आणि फुटलेल्या थव्यातून दोघांनाही मिळतं.

उडीचं मात्र इतकं सरळ नाही. लोक म्हणतात घाबरून उडते. काही उड्या तशा असतातच. त्या ओळखू येतात: वेगात, सरळ, कमानीसारख्या, पाण्यात परत शिरताना डोकं आधी, एकीमागून दुसरी. पण निवांत संध्याकाळी, आसपास कुणी नसताना, एकच बोय उठते, हवेत कुशीवर वळते आणि थपाक् करून आडवी पडते. तुम्हाला रात्री ऐकू येतो तो आवाज बहुधा हा. घाबरलेला मासा असा आळसावून पडत नाही. याचं एक स्पष्टीकरण मला पटतं. बोयीच्या घशाच्या वरच्या बाजूला, गाळ गाळायच्या यंत्रणेजवळ, एक पोकळी असते, तिच्यात हवा अडकू शकते. डोकं चिखलात खुपसून खाताना तळाशी प्राणवायू फार कमी असतो. उडी मारून हवेचा घोट भरून घ्यायचा आणि खाली जाऊन त्यावर वेळ काढायचा, असं ते असावं. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की या आळशी उड्या वाढतात, असं निरीक्षणही आहे. अंगावरचे किडे झटकायला उडते असं म्हणणारेही आहेत. मी माझ्या तळ्यावर एवढंच पाहिलं की ढगाळ दिवसांत, वारा पडलेला असताना, थपाक् थपाक् वाढतं. उडीचं कारण काहीही असो, तळेवाल्यासाठी ती सूचना आहे.

लहानपणी मी आजोबांबरोबर रात्री होडीत असायचो, गॅसबत्ती मध्ये ठेवलेली. एकदा थवा बिथरला आणि एक बोय थेट बत्तीवर. काच फुटली, अंधार, आणि आजोबा अंधारातच म्हणाले, “पैशे तुझ्याच कालवणातून वसूल करीन.” दुसऱ्या दिवशी बोय मी खाल्ली, बत्तीची काच त्यांनी घेतली. हिशोब जमला नाही.

गाबोळीच्या बोयीबद्दल थोडं कडू बोलतो. बोय सगळ्यात सोपी सापडते ती विणीला निघताना, कारण तेव्हा सगळ्या एकत्र, एकाच अरुंद मुखातून, ठरावीक हंगामात. भावही तेव्हाच चढा. तैवान आणि जपानात गाबोळी मीठ लावून, दाबून, वाळवून विकतात. जपानात तिला कारासुमी म्हणतात, इटलीच्या सार्डिनिया बेटावर बोत्तार्गा. तैवानच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात येणाऱ्या बोयीच्या थव्यांना लोक काळं सोनं म्हणायचे. १९८०च्या दशकानंतर ती आवक घसरतच गेली. फ्लोरिडातही गाबोळी निर्यातीसाठी बोयीची बेसुमार पकड झाली. तिथल्या मतदारांनी नोव्हेंबर १९९४ मध्ये राज्यघटनेतच दुरुस्ती करून किनाऱ्याजवळ गळफास जाळी बंद केली, जुलै १९९५ पासून अंमल सुरू झाला, आणि पुढे बोय सावरली. कोळ्यांची पोटं त्यात मारली गेली हेही खरं, त्या वादात मी पडत नाही. आपल्याकडे जून-जुलैची पावसाळी मासेमारी बंदी समुद्रातल्या यांत्रिक होड्यांना आहे, खाडीच्या मुखाशी लावलेल्या जाळ्याला तिचा काही त्रास नाही. माझं मत विचाराल तर, हंगामात निघालेल्या थव्याच्या वाटेत खाडीचं मुख या काठापासून त्या काठापर्यंत आडवं बांधणं म्हणजे बियाण्याचं भात शिजवून खाणं. पागानं दहा-वीस मारल्या तर खाडीला कळतही नाही.

वासाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तळं म्हटलं की गिऱ्हाईक तेच विचारणार. बोयीला मातकट वास येतो तो जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा. पहिल्या पावसाला मातीला येतो तोच हा पदार्थ, पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ आणि काही जिवाणू तो बनवतात, माशाच्या चरबीत तो मुरतो. आंबटात त्याचं विघटन होतं. आपल्या आज्या बोयीला आमसूल चोळून ठेवायच्या, रसायनशास्त्र न शिकता. काळं अस्तर मीठ लावून खरवडून काढा, रक्त धुवा, आमसुलाच्या आगळात वीस मिनिटं ठेवा, मग तिरफळाचं कालवण करा. पकडल्यावर दोन-तीन दिवस स्वच्छ वाहत्या पाण्यात, उपाशी, हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात) ठेवली तर वास जवळजवळ जातो. रॉकेलसारखा वास आला मात्र, तर तो मासा खाऊ नका. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळच्या बोयीला तसा वास येत असे आणि तपासात कारण तेलाचं प्रदूषण निघालं. चिखलाच्या वरच्या थरावर जगणाऱ्या माशाच्या पोटात त्या थरात जे पडतं ते सगळं जातं. मुंबई-ठाण्याकडच्या गटारं मिळालेल्या खाड्यांतली बोय दिसायला गुबगुबीत असते. मी ती घेत नाही.

आता तळं. दहा गुंठे हे बोयीला लहान नाही. मोठी बोय हाती का लागत नाही याची माझ्या अंदाजानं तीन कारणं आहेत, आणि पहिलं म्हणजे बी. भरतीबरोबर येणारी पिल्लं पाच-सात जातींची मिसळ असते. त्यातल्या कितीतरी वीतभर झाल्या की थांबतात, त्यांची तेवढीच झेप. तुम्ही वर्षभर वाट बघता आणि त्या केव्हाच म्हाताऱ्या झालेल्या असतात. दोन-तीन सेंटिमीटरच्या पिल्लात जात ओळखणं मलाही जमत नाही. म्हणून आलेली पिल्लं आधी तळ्याच्या कोपऱ्यात बारीक जाळीच्या हाप्यात बोटभर होईपर्यंत ठेवा, मग डोळ्यावरच्या चरबीच्या पापणीवरून निवडा, बाकीच्या खाडीत परत सोडा. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीव संवर्धन संस्थेनं म्युजिल सेफॅलसचं बंदिस्त जागेत प्रजनन करून दाखवलंय. ते साधायला संप्रेरकांची सुई द्यावी लागते, तळ्यात ती आपणहून वीत नाही. असं खात्रीचं बी मिळालं तर निवडायची कटकट वाचते. चौकशी करायला रत्नागिरीचं शिरगावचं मत्स्य महाविद्यालय तुम्हाला जवळ.

दुसरं कारण जिताडा. बोयीच्या पिल्लांबरोबर त्याचीही पिल्लं त्याच भरतीनं आत येतात आणि तुमचं तळं त्याच्यासाठी वाढलेलं ताट. माझ्या पहिल्या तळ्यात मी शहाणपणा करून दोन्ही एकत्र वाढवायला गेलो. आठ महिन्यांनी जाळं ओढलं तेव्हा सात जिताडे निघाले, तब्येतीनं उत्तम, आणि बोया अकरा. चारशे सोडल्या होत्या. रायगडकडे जिताड्याची तळी करणाऱ्यांना हे गणित उलट्या बाजूनं पाठ असतं, ते लहान मासळी मुद्दाम सोडतात. तेव्हा उन्हाळ्यात तळं पूर्ण आटवा, चिखलाला भेगा पडेपर्यंत तापू द्या. खड्ड्यात राहिलेलं पाणीही उपसा, जिताडा आणि खेकडा तिथेच दबा धरतात. चुना मारा. मग शेणखत टाकून आधी फक्त वीतभर पाणी घ्या आणि आठ-दहा दिवस ऊन लागू द्या, म्हणजे तळाला साय धरेल. तीच तुमची वैरण. त्यानंतर पाणी कमरेच्या वर, शक्य तर छातीपर्यंत न्या. गुंठ्याला पन्नास पिल्लं, म्हणजे तुमच्या तळ्याला पाचशे, याच्या वर जाऊ नका. वरून भाताचा कोंडा आणि भिजवलेली शेंगदाणा पेंड द्या, पण हात आखडता ठेवा. तळाला साय टिकली तर निम्मं खाणं फुकट. वर्षाला अर्ध्या किलोच्या आसपास वजन मनात धरा. त्याहून जास्त सांगणारा बहुधा बी विकत असतो.

हवेचं म्हणालो होतो ते इथे. पावसात तळ्याचं पाणी जवळजवळ गोडं होईल, होऊ द्या. पण ढगाळ रात्रीनंतर पहाटे जाऊन बघा. थवा पृष्ठभागाला तोंड लावून ओठ हलवत असेल तर खाणं त्याच दिवशी बंद, आणि पुढच्या भरतीला पाणी बदला. खत जास्त झालं की हे हमखास होतं. पिल्लं हलवायची ती पहाटे, आणि खारं-गोडं बदल तासाभरात थोडा थोडा. हातात कमीत कमी घ्या, खवले गळाले की बुरशी धरते. आणि तळं वाढवायला म्हणून तिवरांना हात लावू नका. कायदा तर आहेच, खाऱ्या पाण्यातल्या संवर्धनाला २००५च्या तटीय मत्स्यसंवर्धन कायद्याखाली नोंदणीही लागते, ती करून घ्या. पण कायदा नसता तरी सांगितलं असतं, त्या झाडांचा पालाच तर तुमच्या बोयीचा कोंडा आहे.

तिसरं कारण तुमची उघाडी, म्हणजे बांधातलं पाणी आत-बाहेर सोडायचं दार. गोव्यात खाजणांच्या मानशीवर, म्हणजे अशाच दारावर, उतरत्या पाण्याला जाळं लावून शेवटे धरतात ते काही उगाच नाही. बोयीला उतरतं पाणी ओढतं, वाढलेलीला तर जास्तच. उघाडीला जाळी तुम्ही लावली असणारच. पण एकदा आवसेच्या किंवा पुनवेच्या रात्री, पाणी उतरत असताना, बॅटरी विझवून तिथे अर्धा तास उभे राहा. मी उभा राहिलो तेव्हा माझी जाळी पाण्याच्या रेषेला बरोबर संपत होती, आणि वर्षभर पोसलेल्या बोया एकामागून एक, सरळ, कमानीसारख्या, त्या जाळीवरून खाडीत चालल्या होत्या. जाळीची वरची कड पाण्याच्या वर दोन हात तरी ठेवा, आणि वरून तळ्याच्या बाजूला झुकवा.